उंदरास जीवदान : 'अझ्काबानचा कैदी' या कादंबरीवरील एका वादाच्या निमित्ताने

मराठी कादंबरीचा प्रारंभ अद्भुतातून झाला, हे आपले वाङ्मयेतिहासकार सांगतात. पण ते सांगताना त्यांचा स्वर बहुधा दिलगिरीचा असतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीस मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणले आणि अद्भुत मागे पडले, असे आपण शिकलो. वस्तुतः अद्भुत मागे पडले नाही. ते समीक्षेच्या दृष्टीआड झाले, इतकेच. नाथमाधवांचे 'वीरधवल' पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांना गिरणगावात मोठा वाचकवर्ग लाभला. नारायण धारपांच्या 'समर्थ'कथांची पारायणे करणारा वाचक आजही भेटतो, आणि त्यांतील कोणती कथा सरस यावर तो तावातावाने बोलतो. त्याचे ते बोलणे समीक्षा म्हणून कोणी टिपून ठेवले नाही.

ते टिपून ठेवण्याजोगे असते, असे आम्हांस वाटते. एकाच विश्वातील पाच-सात ग्रंथ वाचणारा वाचक हा एका कादंबरीच्या वाचकाहून निराळा असतो. त्यास स्मरण ठेवावे लागते. तिसऱ्या भागात सहज उच्चारलेला शब्द सातव्या भागात कसा फळास आला, हे तो पडताळून पाहतो. पात्राचे पूर्वीचे बोलणे आणि आताचे वागणे यांचा मेळ बसत नसेल, तर तो लेखकास जाब विचारतो. विद्यापीठीय समीक्षक जे काम संदर्भ चाळून करतो, ते हा वाचक प्रेमापोटी करतो. प्रेमापोटी केलेल्या कामात चुका होतात, पक्षपातही होतो; पण आळस नसतो. अशाच एका वादाचा मागोवा घेऊन एका लोकप्रिय कादंबरीचे मोल ठरविण्याचा येथे प्रयत्न आहे.

शिवडी हे काही ग्रंथप्रेमाबद्दल ख्यातनाम असलेले स्थळ नव्हे. गोदी, गिरण्या, क्षयरोग रुग्णालय आणि हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी यांमुळे मुंबईकर त्यास ओळखतात. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सागरी सेतूचे इकडचे टोक ही आता आणखी एक ओळख. ज्यांचे आजोबा गोदीत अथवा गिरणीत राबले, त्यांची नातवंडे आज इंग्रजी माध्यमातून शिकतात आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलवर किंवा फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तके धुंडाळतात. आमच्या धर्मग्रामातील अशा तरुण-तरुणींचा एक गट रविवारच्या मिस्सेनंतर बराच वेळ बोलत राहतो. त्यांच्या बोलण्याचा एक नित्याचा विषय म्हणजे जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर ही कादंबरीमाला.

या मालेचे सात भाग १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाले. जगभर त्यांच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती खपल्या असून ऐंशीच्या आसपास भाषांत त्यांची भाषांतरे झाली आहेत. मराठीत ती भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने आणली. सातवा भाग २१ जुलै २००७ रोजी भल्या सकाळी विक्रीस आला, तेव्हा मुंबईच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या होत्या. आज जे तरुण वाद घालतात, त्यांतील काहींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. म्हणजे हे वेड जाहिरातीने निर्माण केले आणि जाहिरातीबरोबर ओसरले, असे म्हणता येत नाही. मोठ्या भावंडांनी धाकट्यांस हे ग्रंथ हाती दिले. कपडे द्यावेत तसे.

या तरुणांपैकी बहुतेकांचा आवडता भाग तिसरा, म्हणजे ८ जुलै १९९९ रोजी प्रसिद्ध झालेली 'अझ्काबानचा कैदी' ही कादंबरी. ज्यांनी ती वाचली नाही, त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे : हॅरी हा अनाथ मुलगा जादूच्या शाळेत तिसऱ्या वर्षास आहे. त्याच्या आईवडिलांचा घात करणारा म्हणून ज्याची अपकीर्ती आहे, तो सिरियस ब्लॅक बारा वर्षांनंतर अझ्काबानच्या तुरुंगातून निसटला आहे आणि तो हॅरीच्याच मागावर आहे, असा सर्वांचा समज आहे. शेवटी उलगडते ते असे, की सिरियस निर्दोष आहे. खरा घातकी पीटर पेटिग्र्यू हा त्या मातापित्यांचा दुसरा एक मित्र असून, बारा वर्षे उंदराच्या रूपात हॅरीच्याच जिवलग मित्राच्या कुटुंबात पोसला गेला आहे. सिरियस आणि शिक्षक ल्यूपिन त्यास ठार मारण्यास सज्ज होतात, तेव्हा हॅरी मध्ये उभा राहतो आणि त्याचे प्राण वाचवितो. त्याच रात्री पेटिग्र्यू निसटतो.

या भागाची आवड असण्याची जी कारणे हे तरुण देतात, त्यांतील पहिले वाङ्मयीन दृष्ट्या अचूक आहे. संपूर्ण मालेचा खलनायक व्होल्डेमॉर्ट या एका भागात प्रत्यक्ष येतच नाही. त्याच्या जागी भय आहे. डिमेंटर नावाचे जे तुरुंगरक्षक लेखिकेने कल्पिले आहेत, ते शरीरास इजा करीत नाहीत. ते जवळ आले की माणसाच्या सुखद आठवणी शोषल्या जातात आणि मनात उरते ते केवळ सर्वांत वाईट असे काही. हॅरीस अशा वेळी मरणाऱ्या आईची किंकाळी ऐकू येते. आपण स्वतः भोगलेल्या नैराश्यातून हे प्राणी सुचले, असे लेखिकेने सांगितले आहे. तिची आई १९९० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीर्घ आजाराने वारली. ही कादंबरीमाला त्याच वर्षी लिहावयास घेतली होती. ही चरित्रविषयक माहिती नसती, तरीही त्या पानांतील थंडी खोटी वाटली नसती. राक्षसाचे वर्णन करणे सोपे असते. आनंदच न उरणे ही अवस्था बारा-तेरा वर्षांच्या वाचकास कळेल अशा रीतीने उभी करणे कठीण. आमच्याकडील एका मुलीने परीक्षेच्या दिवसांतील आपल्या अवस्थेस हेच नाव दिले होते, आणि ते तिच्या घरच्यांसही समजले. भाषेत नसलेला शब्द वाचकास पुरविणे हे साहित्याचे जुने काम आहे, आणि ते येथे झालेले आहे.

यावरचा उपायही विचारपूर्वक योजला आहे. ल्यूपिन हॅरीस जे शिकवितो, त्यात शस्त्र नाही. आपल्या आयुष्यातील सर्वांत आनंदाची आठवण पक्की धरून ठेवायची, एवढेच आहे. अनाथ मुलाजवळ तशी आठवण शोधणे हेच मोठे काम होऊन बसते. पहिले एक-दोन प्रयत्न फसतात, ते आठवण पुरेशी बळकट नसल्यामुळे. शेवटी सरोवराकाठी आपणांस वडिलांनी वाचविले, असे त्यास वाटते. काळ मागे फिरवून तो त्याच जागी परत येतो, वाट पाहतो, आणि वडील येत नाहीत हे पाहून स्वतःच तो मंत्र उच्चारतो. पाहिलेली आकृती त्याची स्वतःचीच होती. बाप येण्याची वाट पाहत असता आपणच बापाच्या जागी उभे राहिलो आहोत, हे एका मुलास कळते तो क्षण सातही भागांत आम्हांस सर्वांत उंचीचा वाटतो.

दुसरे कारण न्यायाचे आहे. सिरियस बारा वर्षे कोठडीत राहिला, पण त्याच्यावर खटला चाललाच नव्हता. हे चौथ्या भागात स्पष्ट होते. तिसऱ्या भागातील बकबीक या प्राण्याच्या सुनावणीतही निकाल आधीच ठरलेला आहे. हे प्रसंग मुलांसाठी लिहिलेल्या परीकथेतील आहेत, असे म्हणून मुंबईच्या वाचकास पुढे जाता येत नाही. शिवडीचा किल्ला १६८० च्या सुमारास इंग्रजांनी बांधला आणि पुढे काही काळ तेथे कैदी ठेवले जात. सात रस्त्याजवळचे आर्थर रोड कारागृह आमच्यापासून दूर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नव्हता असे. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचा खटला तोवर सुरू झाला नव्हता. आमचे तरुण सिरियसविषयी बोलू लागले, की हे नाव त्यांच्या बोलण्यात येते. कादंबरीने त्यांना वास्तवापासून दूर नेले, हा आक्षेप येथे तरी टिकत नाही.

सिरियस वेडा का झाला नाही, याचे उत्तर लेखिकेने मोठ्या सूक्ष्मतेने दिले आहे. आपण निर्दोष आहोत ही जाणीव त्यास होती. पण ती आनंदाची जाणीव नव्हती, म्हणून डिमेंटर ती हिरावून घेऊ शकले नाहीत. सत्य हे नेहमी सुखकारक असतेच असे नाही. तरी ते माणसास शाबूत ठेवते. एवढा विचार दोन-तीन वाक्यांत आणि कथेचा वेग न मोडता येतो. लोकप्रिय लेखनास आपण विचारशून्य म्हणून झटकतो, तेव्हा अशी वाक्ये आपल्या वाचनात आलेली नसतात.

आता मुख्य वादाकडे वळू. पेटिग्र्यूस जिवंत सोडणे योग्य होते काय?

एक पक्ष म्हणतो, ही चूक होती, आणि ती प्राणघातक ठरली. चौथ्या भागात हाच पेटिग्र्यू धन्याच्या आज्ञेने सेड्रिक डिगरी या निरपराध तरुणाचा वध करतो आणि त्याच रात्री व्होल्डेमॉर्टला देह मिळवून देतो. पुढील तीन भागांतील मृत्यूंची यादी मोठी आहे. तेव्हा हॅरीने दाखविलेल्या दयेची किंमत इतरांनी मोजली. दयाळूपणा हा ज्याने दाखविला त्याचा सद्‌गुण ठरतो आणि त्याचे ओझे मात्र तिसऱ्याच्या आईवर पडते, असे या पक्षाचे म्हणणे. हे म्हणणे हलके नाही. ज्या शहराने १९९२-९३ चे दिवस पाहिले आणि त्यानंतर सुटलेले अनेक हात पाहिले, त्या शहरातील तरुण हा प्रश्न केवळ कादंबरीपुरता विचारीत नाहीत.

दुसरा पक्ष सातव्या भागाचा दाखला देतो. तेथे पेटिग्र्यू तळघरात हॅरीचा गळा आवळीत असता हॅरी त्यास जुन्या उपकाराची आठवण करून देतो. क्षणभर त्याची पकड सैल पडते आणि हॅरी वाचतो. शिवाय, व्होल्डेमॉर्टचा देह हॅरीच्या रक्तातून घडविला गेला होता, आणि त्याच रक्ताच्या बंधाने शेवटी अरण्यात हॅरीचे प्राण राखले. पेटिग्र्यू सुटला नसता, तर हे काहीच घडले नसते. म्हणून दया वाया गेली नाही. तिचे फळ उशिरा आले, इतकेच.

दोन्ही पक्षांनी ग्रंथ बारकाईने वाचला आहे, यात शंका नाही. परंतु दोहोंची रीत एकच आहे, आणि ती वाण्याच्या वहीची आहे. एक जण नुकसान मांडतो, दुसरा जमेची बाजू दाखवितो. परिणाम वाईट म्हणून कृत्य चूक, अथवा परिणाम चांगला म्हणून कृत्य बरोबर, असा दोघांचाही हिशेब. मात्र ज्या क्षणी हॅरी मध्ये उभा राहतो, त्या क्षणी त्याच्याजवळ यांतील एकही आकडा नाही. कादंबरीकाराने त्यास जाणूनबुजून अज्ञानात ठेवले आहे. तेव्हा त्या कृत्याचा अर्थ त्या खोलीतच शोधला पाहिजे.

त्या खोलीत हॅरी काय म्हणतो? पेटिग्र्यू त्याचे पाय धरू पाहतो, तेव्हा तो त्यास झिडकारतो. आपण हे तुझ्याकरिता करीत नाही, असे तो त्यास सांगतो. त्याचे कारण वेगळे आहे : केवळ या एका माणसापायी आपल्या जिवलग मित्रांनी खुनी व्हावे, हे आपल्या वडिलांना रुचले नसते, असे त्यास वाटते. म्हणजे ही दया पेटिग्र्यूवर कमी आणि सिरियस व ल्यूपिन यांच्यावर अधिक आहे. ज्याच्या हाती शस्त्र आहे, त्यास वाचविण्यासाठी तो मध्ये आला आहे. गटातील एका मुलाने याच्याही पुढे जाऊन दाखविले, की हॅरी पेटिग्र्यूस सोडून देत नाही. त्यास डिमेंटरांच्या हवाली करावे, असेच तो सुचवितो. ज्या यातना निर्दोष सिरियसला भोगाव्या लागल्या, त्याच अपराध्यास मिळाव्यात, हे त्यास मान्य आहे. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाची ही दया अपुरी आहे. आमच्या मते ती अपुरी आहे म्हणूनच खरी वाटते. या वयाचा मुलगा आईवडिलांच्या मारेकऱ्यास पूर्णत्वाने क्षमा करता, तर ते चरित्र संतकथेतील झाले असते, कादंबरीतील नव्हे.

हे ध्यानी घेतले, की पहिल्या पक्षाच्या आक्षेपाचे स्वरूप बदलते. पेटिग्र्यूचा वध झाला असता, तर सेड्रिक कदाचित वाचला असता, हे मान्य करावे लागेल. ते नाकारणे हा सेड्रिकवरील अन्याय होईल. परंतु मग सिरियस निर्दोष राहिला नसता. ज्या एका गोष्टीच्या आधारावर तो बारा वर्षे तग धरून राहिला, तीच त्याने त्या खोलीत स्वहस्ते गमावली असती. पुढे पेटिग्र्यूने जे केले, त्याचा जबाबदार पेटिग्र्यू आहे. हॅरीने त्यास जीवदान दिले. त्या जिवाचे काय करावयाचे, हे त्याने स्वतः ठरविले.

येथे टोल्किन यांची आठवण अटळ आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या त्यांच्या ग्रंथातही एका नीच जिवास, गोलमला, पूर्वी दया दाखविली गेलेली आहे. आणि शेवटी कथानायक फ्रोडो ऐन कड्यावर मोहास बळी पडतो, तेव्हा त्या गोलमच्याच हातून कार्य तडीस जाते. टोल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. आईच्या मृत्यूनंतर एका धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला होता. माणसाचे यश त्याच्या बळावर अवलंबून नसून त्यास लाभलेल्या कृपेवर आहे, हा विचार त्यांनी उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता कथेच्या रचनेत मुरविला. रोलिंग यांनी हा धागा उचलला हे उघड दिसते. पण तुलना केली, तर त्या उण्या पडतात, आणि याबाबतीत आम्ही आमच्या तरुण मित्रांशी सहमत नाही. गोलमला मन आहे. त्याच्या आत दोन स्वर झगडतात, आणि एका क्षणी तो पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर येऊन परत फिरतो. वाचकाचा जीव तेथे कळवळतो. पेटिग्र्यूला लेखिकेने असे अंतरंग दिले नाही. तो घाबरतो, लाचारी करतो, पळतो. सातव्या भागात त्याचा हात सैल पडतो तोही निमिषमात्र, आणि धन्याने दिलेला तो चांदीचा हात लगेच त्याचाच गळा घोटतो. एका क्षणाच्या माणुसकीची शिक्षा म्हणून मृत्यू यावा, ही कल्पना भीषण आणि समर्थ आहे. पण ती घाईने उरकली जाते. तीन भाग जपून ठेवलेले ऋण अशा घाईने फेडणे हा रचनेतील दोष आहे.

दुसरा दोष काळचक्राचा. हर्मायनीस अधिक तासिकांना बसता यावे म्हणून शाळा काळ मागे फिरविणारे साधन देते. त्याच साधनाने दोन जीव वाचतात. तिसऱ्या भागापुरती ही रचना घोटीव आहे; आधी ऐकलेला प्रत्येक आवाज नंतर उलगडतो. परंतु असे साधन जगात आहे म्हटल्यावर पुढील प्रत्येक मृत्यूच्या वेळी वाचक विचारणार, की आता ते का वापरीत नाही? लेखिकेने पाचव्या भागात त्या साधनांचा सगळा साठाच फोडून टाकला. प्रश्नाचे उत्तर न देता प्रश्नच मोडीत काढणे असे याचे वर्णन करता येईल. मालेच्या वाचकास हे चटकन दिसते. एकट्या कादंबरीचा समीक्षक ते पाहू शकला नसता.

काही पालकांचा आक्षेप याहून मुळाशी जातो : जादूटोण्याची पुस्तके ख्रिस्ती मुलांनी वाचावीत काय? हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. पुढे सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोपपदी आलेले कार्डिनल राट्झिंगर यांनी २००३ साली गाब्रिएले कूबी या जर्मन लेखिकेस पाठविलेल्या पत्रात या पुस्तकांच्या सूक्ष्म मोहाविषयी सावध केले होते. तथापि हे खाजगी पत्र होते, ग्रंथाविषयीचा निर्णय नव्हे. व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या दैनिकाने जानेवारी २००८ मध्ये अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन लेख शेजारी शेजारी छापले, आणि २००९ साली सहाव्या भागावरील चित्रपटाची प्रशंसा केली. म्हणजे ख्रिस्तसभेतही हा वाद मोकळाच राहिला आहे.

आमचा अभिप्राय असा, की जादू हा शब्द एक असला, तरी वस्तू दोन आहेत. लोकल गाडीच्या डब्यात ज्या बाबा-बंगालींची पत्रके चिकटविलेली असतात, ते श्रमाविना फळ देऊ करतात : सवतीपासून सुटका, नोकरी, वशीकरण. महाराष्ट्राने २०१३ साली ज्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला, ती ही. रोलिंग यांच्या शाळेत मंत्र पाठ करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आणि आळशी विद्यार्थी नापास होतो. तेथे कोणी भूतांस आवाहन करीत नाही. आणि मुख्य म्हणजे, कितीही मोठा जादूगार झाला, तरी गेलेले माणूस त्यास परत आणता येत नाही. ज्याने मरण टाळण्याचा हट्ट धरला, तोच या कथेत खलनायक आहे. बाबाच्या पत्रकात हे वाक्य कधी छापले जाणार नाही.

मरणाचा हा विषय पहिल्या भागापासून आहे. पण मराठी वाचकापासून तो काहीसा झाकला गेला. पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. युरोपीय किमयागारांच्या त्या दगडाचे गुण दोन : तो धातूचे सोने करतो, आणि त्यापासून दीर्घायुष्य देणारे रसायन मिळते. आपला परीस लोखंडाचे सोने करतो. अमरत्व त्याच्या कक्षेत नाही, ते अमृताकडे आणि संजीवनीकडे आहे. त्यामुळे शीर्षकात सोने उरले आणि मरण गळाले. दगडाचा मालक शेवटी तो नष्ट करून मृत्यू स्वीकारण्यास राजी होतो, हे पहिल्या भागाचे मर्म. नावावरून त्याची चाहूल लागत नाही. मात्र या शब्दाने एक गोष्ट अनपेक्षितपणे दिली. परीस म्हटले, की मराठी मनास स्पर्श आठवतो. त्या भागाच्या शेवटी हॅरीचा वैरी त्यास स्पर्श करू शकत नाही, कारण त्याच्यासाठी प्राण दिलेल्या आईचे प्रेम त्याच्या त्वचेत उरले आहे. भाषांतरकाराचा तो हेतू असो वा नसो, अर्थाचा हा धागा इंग्रजी शीर्षकात नाही आणि मराठीत आहे.

सातव्या भागात, नाताळच्या आदल्या रात्री, हॅरी आणि हर्मायनी एका खेड्यातील चर्चमागच्या दफनभूमीत येतात. तेथील दोन थडग्यांवर वचने कोरलेली आहेत. एक मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील, माणसाचे धन आणि त्याचे अंतःकरण यांविषयीचे. दुसरे, हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावरील, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील, मृत्यू या अखेरच्या शत्रूविषयीचे. ही वचने कोठली, हे ग्रंथात कोणीही सांगत नाही. हॅरीस तर क्षणभर संशय येतो, की हा मृत्यूस हटविण्याचा विचार म्हणजे वैऱ्याचाच विचार की काय; हर्मायनी त्यास समजाविते, की येथे मृत्यू टाळण्याची नव्हे, तर त्याच्या पलीकडे जगण्याची गोष्ट आहे. सर्व मालेतील झगडा या दोन वाचनांतला आहे. एकच वचन; व्होल्डेमॉर्ट ते एका रीतीने वाचील, आणि हॅरीचे आईवडील दुसऱ्या रीतीने.

आमच्या तरुणांनी ते वचन प्रथमदर्शनीच ओळखले. शिवडीत हे नवल नाही. येथील ख्रिस्ती दफनभूमीत बोरीबंदरचे स्थानक उभारणारे वास्तुविशारद स्टीव्हन्स १९०० साली विसावले आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद विटेट १९२६ साली; त्यांच्या सोबतीस नाव मागे न राहिलेली असंख्य माणसे आहेत. ज्यांनी आजीआजोबांना तेथवर पोहोचविले, त्यांनी पौलाचा हा अध्याय दफनविधीच्या वेळी ऐकलेला असतो. ख्रिस्ती संदर्भ हरविलेल्या पाश्चात्त्य वाचकास जी ओळ गूढ वाटली, ती येथील मुलांना घरची वाटली. परक्या भाषेतील ग्रंथ आपला होतो, तो असा.

शिवडीच्या या वादाचा निकाल लागलेला नाही, आणि तो लागावा असा आमचा आग्रह नाही. ग्रंथालयाच्या कपाटात ही कादंबरीमाला ठेवावी काय, असे काही पालक विचारतात. ठेवावी, सातही भाग ठेवावेत, असे आमचे मत आहे. तिसराच भाग ठेवला, तर पेटिग्र्यू सुटल्याचा आनंद अथवा संताप एवढेच हाती लागेल. दयेला किती वर्षे वाट पाहावी लागते आणि मधल्या काळात तिच्यापायी काय काय सोसावे लागते, हे समजण्यास उरलेले भाग लागतात. दोष असूनही हा ग्रंथ वाचकास एका कठीण प्रश्नापाशी आणून उभा करतो आणि सोपे उत्तर देऊन त्याची बोळवण करीत नाही. पालकांनीही तो वाचावा. मग सेड्रिकच्या आईविषयी मुलांनी काही विचारले, तर त्यांच्याशी बोलता येईल.